पोटदुखीचा कट्टा

नाही हो पाव्हणे, या कट्ट्यावर बसून कुणाचं पोट बरं होत नाही. मागे एकजण नवसाचं लिंबू ठेवून गेला, मी त्याचं सरबत करून प्यायले. मशिदीमागच्या चिंचेखालचा हा कट्टा. याचं नाव पडलंय ते औषधावरून नाही, हेव्यावरून. बसा, सांगते.

फार पूर्वी या मोहल्ल्यात मैमूना नावाची बाई होती म्हणे. ईदची नमाज झाली, सांदणं-खीर उरकली की दुपारी बाया इथं जमायच्या आणि मैमूना गायची. पाच मुलांची आई, भरलेलं घर, त्यात असा गळा! तोरा तर विचारू नका. मग खाडीपलीकडची जुलेखा सून होऊन आली. वर्षाच्या आत तिचा नवरा गलबताबरोबर बुडाला. मूल नाही, बाळ नाही. वर्षाकाठी तिला सुख म्हणाल तर ईदचा डफ, तेवढाच. पण तिची थाप पडली की बाया मैमूनाला सोडून तिच्याभोवती कोंडाळं करायच्या. मग मैमूना ओढणी आवळून उठायची, "पोटात दुखतंय गो माझ्या," म्हणायची आणि घरी जायची. ते कशानं दुखतंय ते अख्ख्या मोहल्ल्याला ठाऊक होतं.

एका रमजानात तिला राहवेना. मशिदीत खुत्बा, म्हणजे प्रवचन, द्यायला नवे खतीब आले होते, तरुण आणि भित्रे. मैमूनानं पडद्याआडून त्यांना विचारलं, "ईदसारख्या पाक दिवशी बायांनी डफ बडवायचा? गुन्हा नाही होत?" खतीब गडबडले आणि बंद करा म्हणाले. जुलेखानं डफ चिंचेला टांगला आणि होडीत बसून ती कायमची माहेरी निघून गेली.

ईद आली. मैमूना नटूनथटून कट्ट्यावर येऊन बसली. कुणी फिरकलं नाही. डफ गुन्हा, तर गाणं तरी कसं चालेल? स्वतःचं गाणं तिनं स्वतःच बंद केलं होतं! नवे कपडे घातलेली पोरं दारादारांत जांभया देत बसली. मेली कसली ती ईद!

खतिबांनाही ते खटकलं. ते आपल्या उस्तादांकडे विचारायला गेले. उस्ताद भडकले, असं सांगतात. "अरे, ईदला पैगंबरांच्या घरी मुली डफ वाजवून गात होत्या. त्यांना अडवलं, तर हुजुरांनीच सांगितलं की राहू दे, ईद आहे. मग तू कोण लागून गेलास?" नमाज चुकू नये, बोल वावगे नसावेत, बाकी ईदला आनंद करावा. खतिबांनी पुढच्या खुत्ब्यात सगळ्यांसमोर आपली चूक कबूल केली. मैमूनाचं नाव घेतलं नाही. तरी जुलेखाला आणायला कुणी जायचं, ते मैमूनाला कळलं.

बकरी ईदच्या आदल्या दिवशी ती डफ घेऊन खाडीपलीकडे गेली. बघते तर तिथंही बाया जुलेखाभोवती जमलेल्या. मनात जुळवलेलं सगळं राहिलं आणि तोंडातून निघालं, "पोटात दुखतंय." जुलेखाला हसू फुटलं.

"हसू नकोस. हेवा वाटतो मला तुझा. तू गेलीस तेव्हा बरं वाटलं होतं. आत्ता हा डफ देतानाही जळतेय मी."

जुलेखाचं हसू विझलं. "पाच पोरं घेऊन कट्ट्यावर यायचीस, मैमूनाबी, मला बघवायचं नाही. तुझं गाणं ऐकू येऊ नये म्हणून तर एवढ्या जोरात बडवायचे मी."

दोघी खूप रडल्या म्हणे, आणि एकाच होडीतून परत आल्या.

आजही ईदला डफावर थाप पडण्याआधी, जिला जिचा हेवा वाटतो ती इथं तिच्यासमोर येऊन बसते. "पोटात दुखतंय," म्हणते. दुसरीनं विचारायचं, "कशानं गो?" आणि निमूट ऐकून घ्यायचं. गेल्या ईदला माझी सून येऊन बसली माझ्यासमोर. "पोटात दुखतंय," म्हणाली. मी म्हटलं, थांब बये, आधी माझं ऐक.