घारीने दाखवलेली जागा

फार फार जुनी गोष्ट, म्हणजे तिथल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही, इतकी जुनी. एका नगरीत गोंदाजी नावाचा हलवाई राहायचा. पेढे असे करायचा की खाणाऱ्याने बोटं चाटत बसावं. पण दुकान पडलं आडगल्लीत. तिथे गिऱ्हाइकांपेक्षा माश्याच जास्त यायच्या.

एक दिवस सासरे आले. रिकामं दुकान, भरलेली परात, सगळं डोळे भरून पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, दिवाळीपर्यंत बघा. नाहीच जमलं तर चला आमच्याकडे. म्हशी धुवायला माणूस हवाच आहे."

गोंदाजीला घाम फुटला. घरजावई व्हायचं, वर म्हशी धुवायच्या, आणि मेहुणे ओट्यावर बसून बघणार!

त्या नगरीत एक बोलकी घार होती. मासा दिला की वरून काय दिसतं ते सांगायची. गोंदाजीने नाक दाबून मासा पुढे केला. "घारताई, माणसांची सगळ्यांत जास्त गर्दी कुठे होते गं?"

घार वर गेली, चार घिरट्या घातल्या, खाली आली. "नदीकाठी, मोठ्या चिंचेखाली. सकाळपासून नुसती डोकीच डोकी. आणि हलवाई एकही नाही."

घरी बायको साळू म्हणाली, "अहो, पण एवढी माणसं तिथे करतात तरी काय?"

"करेनात का काहीही! तोंडं आहेत ना त्यांना?"

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली परात मांडली. माणसं आली, पेढ्यांकडे पाहिलं, आवंढा गिळला आणि तोंड फिरवून बसली. एक आजोबा तर डोळे मिटूनच पुढे गेले. एक आजीबाई कळवळून म्हणाल्या, "मेल्या, मांडून मांडून इथे मांडलंस?"

दिवसभरात एकच पेढा खपला. घेणारा तो झाडामागे लपून खात होता, तोच बत्ता उगारून वैद्यबुवा धावत आले. "थुंक! आधी थुंक तो!"

चिंचेला लागूनच वैद्यबुवांचं घर होतं. सगळी गर्दी त्यांच्या रोग्यांची, आणि औषध चालू असेतो गोड वर्ज्य, हे त्यांचं कडक पथ्य. "माझ्या रोग्यांच्या नाकापुढे पेढे? उचल ती परात!"

गोंदाजी घारीवर उखडला. "खोटारडे!"

"खोटं काय बोलले? तू डोकी विचारलीस, मी डोकी सांगितली. पोटाचं विचारलंस का?"

परात घरी ठेवून गोंदाजी पुन्हा चिंचेखाली आला आणि आजीबाईंशेजारी बसला. "आजी, बरं झाल्यावर काय करता हो तुम्ही?"

"वैद्यबुवांच्या मागच्या दाराने जातो बाबा. आल्या वाटेने परतायचं नाही, अशी रीत आहे आपली. दुखणं वाटेत दबा धरून बसलेलं असतं ना!"

गोंदाजी उठला तो थेट मासा घेऊन घारीकडे. "मागच्या दाराने निघालेली माणसं जातात कुठून?"

घार बघून आली. "बोळातून, कुंभारांच्या कोपऱ्यावरून. पण अगदी मोजकी रे. उगाच मासा घालवलास."

"चालतात कशी?"

"चालतात कसली? उड्या मारतात!"

गोंदाजीने त्या कोपऱ्यावर दुकान मांडलं. पहिलाच माणूस आला तो महिनोन् महिने गुळाचा खडाही न चाखलेला. उभ्या उभ्या पोटभर पेढे खाल्ले, आणि टोपली भरून वर घेतले. "बरा झालो, गावाला वाटायला नकोत?" पुढे वैद्यबुवाच सांगू लागले, "औषध संपलं. आता कोपऱ्यावरून जा."

दिवाळीला सासरे आले तेव्हा गिऱ्हाइकांच्या रांगेत मागे उभे राहिले. जावयाला "या, बसा" म्हणायलाही सवड नव्हती. म्हशींचा विषय कुणी काढला नाही.

तर लहानांनो आणि मोठ्यांनो, माणसं किती जमतात एवढंच बघून दुकान मांडू नये. ती कशाला येतात आणि तिथून कुठे जातात, हे आधी विचारावं.