लागलं का?

ठुप्.

होडी काठाला लागते तेव्हा असा आवाज होतो. फार वर्षांपूर्वी, अगदी लहान असताना, मी तो पहिल्यांदा ऐकला. होडीतली माणसं उठून उभी राहिली आणि कोणीतरी म्हणालं, "लागली एकदाची!"

मी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "होडीला लागलं? कुठं लागलं?"

सगळे हसले. म्हातारा मात्र हसला नाही. तो म्हणाला, "बस जरा. तुला एक गोष्ट सांगतो." लहानथोरांनो, तीच गोष्ट आज मी तुम्हाला सांगतो. घाई करू नका. गोष्ट जुनी आहे, ती आपल्या चालीनंच चालेल.

खूप खूप पूर्वी, खाडी जिथं समुद्राला मिळते तिथं एक बंदर होतं. बंदराचा राजा समुद्रापलीकडून आलेला होता. त्याची भाषा वेगळी होती आणि काठावरच्या माणसांची वेगळी. त्यातून बंदरात दूरदूरचे लोक उतरत. उंटवाले येत, डोंगरवाले येत, बेटांवरचे येत, बर्फाच्या मुलुखातले येत. प्रत्येकाचा एकेक दुभाषी दरबारात बसे.

राजा न्यायी होता, पण घाईचा होता. घाई आणि न्याय एका पाटावर बसत नाहीत, हे त्याला अजून कळायचं होतं.

एकदा दोन कोळ्यांमध्ये एका जाळ्यावरून तंटा झाला. तो ऐकता ऐकता दुपार टळली. दुभाषी एकमेकांशी वाद घालत होते, हा शब्द असा नाही, तसा आहे. राजा वैतागला.

"पुरे!" तो म्हणाला. "एका शब्दाला एकच शब्द. त्यांचा एक, आपला एक. तशी पोथी करा. आणि पोथीबाहेर जो जाईल, त्यानं दरबाराबाहेर जावं."

थोरला दुभाषी कामाला लागला. तो मोठा विद्वान होता. काठावरची भाषा तो ग्रंथांतून शिकला होता, काठावर मात्र फारसा गेला नव्हता. बसणे, हसणे, पोहणे हे शब्द भराभर उरकले. मग आडवा आला तो 'लागणे'.

त्यानं मुदपाकखान्यात विचारलं. आचारी म्हणाला, "भात लागला, पंडितजी."

"म्हणजे काय झालं?"

"करपला. तळाला लागला."

त्यानं माळ्याला विचारलं. माळी म्हणाला, "यंदा फणस चांगला लागला."

"म्हणजे करपला?"

"करपेल कशाला? झाडभर धरलाय!"

तीन दिवस दुभाष्याला झोप लागली नाही. चौथ्या दिवशी तो धक्क्यावर फिरत होता. तिथं एका हमालाच्या पायावर पेटी पडली. हमाल एका पायावर नाचत ओरडला, "लागलं! आई गं, लागलं!" त्याच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

दुभाष्याला आनंद झाला. हमालाकडे न बघताच तो परत फिरला आणि त्यानं पोथीत लिहिलं, 'लागणे म्हणजे घाव बसणे.' राजानं खाली मोहोर उठवली.

आता त्याच खाडीवर एक नावाडीण होती. नवऱ्यामागे होडी तीच चालवायची. अंगानं काटक, जिभेनं थोडी तिखट, पण अडलेल्या माणसाला तिनं कधी काठावर सोडलं नाही. खाडीपलीकडची तीन गावं तिच्या एका होडीवर जगत होती.

एका सकाळी वादळानंतर तिला खडकांत एक म्हातारी सापडली. अंगावर परदेशी वस्त्रं, पाय मोडलेला, शुद्ध हरपलेली. नावाडिणीनं तिला खोपीत आणलं. कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, कांबी लावून पाय घट्ट बांधला. पेज करून चमच्यानं पाजली. म्हातारी शुद्धीवर आली, पण दोघींना एकमेकींचा एक शब्द कळेना. तरी महिनाभर दोघी एकमेकींशी बोलत होत्या. काय बोलत होत्या, देव जाणे.

म्हातारी साधीसुधी नव्हती. ती राजाची मावशी होती. आई लवकर गेल्यावर तिनंच राजाला वाढवलं होतं. भाच्याला भेटायला येताना तिचं गलबत फुटलं होतं.

राजाचे शिपाई शोधत शोधत खोपीशी आले तेव्हा मावशीला ताप चढलेला. ती बरळत होती. पाय बांधलेला. शिपायांनी पाहिलं, बांधलेली म्हातारी आणि शेजारी उभी एक बाई, हातात वल्हं. त्यांनी मावशीला पालखीत घातलं आणि नावाडिणीच्या हाताला दोर बांधला.

दरबार भरला. काठावरची माणसं मागे दाटीनं उभी राहिली. राजाचे डोळे रडून लाल झाले होते.

"विचारा हिला," राजा म्हणाला. "माझ्या मावशीला काय झालं?"

थोरल्या दुभाष्यानं विचारलं. नावाडीण सरळ उभी राहून म्हणाली, "महाराज, खडकात पडली होती. माझाच हात लागला तिला पहिल्यांदा."

दुभाष्यानं पोथी पाहिली आणि राजाच्या भाषेत सांगितलं, "ती म्हणते, पहिला घाव माझ्याच हातचा बसला."

राजानं सिंहासनाची कड घट्ट धरली. "मावशी तिची कोण, ते विचारा. काही वैर होतं का?"

"माझी कोणी लागत नाही ती," नावाडीण म्हणाली. "पण माया लागली."

"ती म्हणते, माझ्या कोणालाही घाव बसलेला नाही. पण मायेचा घाव बसला."

"माया दाखवून घाव!" राजा म्हणाला. "मग? खायला तरी दिलं का?"

"दिवसातून दोनदा पेज लागायची तिला."

"दिवसातून दोनदा पेजेचे घाव बसत, असं म्हणते."

"उकळती पेज!" राजा उठून उभा राहिला. "आणि?"

नावाडिणीला वाटलं, राजा मावशीच्या काळजीनं व्याकूळ झाला आहे. त्याला धीर यावा म्हणून ती हळू आवाजात म्हणाली, "काही काळजी करू नका, महाराज. मी थोपटायची. तिचा डोळा लागला, की मगच मी होडीवर जायची."

पोथीवरून बोट फिरवता फिरवता दुभाषी थबकला. त्याच्या विद्वान मनाला काहीतरी खटकलं. पण पोथी त्याचीच होती, आणि खाली मोहोर होती. तो म्हणाला, "मी मारायची. तिच्या डोळ्यावर घाव बसला, की मगच मी होडीवर जायची."

राजानं शिपायांकडे हात केला.

"हिची होडी जाळा," राजा म्हणाला. "आणि हिला गलबतात घालून अशा बेटावर सोडा, जिथं माणूस नाही."

हुकूम काठावरच्या भाषेत सांगितला गेला, तेव्हा मागे एकच गलका उठला. एक कोळीण पुढे घुसली. "अहो पंडित! तुम्हाला तहान लागली तर पाणी पिता, की मलमपट्टी करता?"

लोक हसले, पण ते हसू रडवेलं होतं. होडी जळाली तर तीन गावं तुटणार होती, आणि बाई तर कायमचीच जाणार होती.

तेव्हा उंटवाल्यांचा दुभाषी उठला. वयानं वाकलेला, दरवाजाजवळच्या शेवटच्या जागेवर बसणारा. "महाराज, हा शब्द तसा नाही."

"मग कसा आहे?"

"तो कशाला लागतो, त्यावर आहे. इथं भूकही लागते, दिवाही लागतो, वेडही लागतं."

"न्यायात असं चालत नाही!" राजा म्हणाला. "बरं, मीच परीक्षा घेतो. इथले लोक 'भूक लागली' म्हणतात. तुमच्या भाषेत काय म्हणतात? एकेकानं सांगा."

"आमच्यात, भूक मला धरते," उंटवाल्यांचा दुभाषी म्हणाला.

"आमच्यात, मी भुकेला आहे," डोंगरवाल्यांचा म्हणाला.

"आमच्याकडे भूक असते, महाराज. जशी टोपली असते, तशी," बेटवाल्यांचा म्हणाला.

बर्फाच्या मुलुखातला दुभाषी लाजून म्हणाला, "आम्ही नुसतं म्हणतो, पोट बोलतंय."

"आणि इथल्यासारखं 'दिवा लागला'?" राजानं विचारलं.

एकाच्यात दिवा उठत होता, एकाच्यात जागा होत होता, एकाच्यात तो जन्मत होता. 'वेड लागलं' म्हणायला एकाच्या भाषेत माणूस वाट चुकत होता आणि एकाच्या भाषेत त्याच्या डोक्यात वारा शिरत होता. एकाचा शब्द दुसऱ्याला जुळेना. एकाच भाषेतला आधीचा शब्द पुढच्या ठिकाणी चालेना.

"बघा!" थोरला दुभाषी म्हणाला. "चार तोंडं, चार उत्तरं. म्हणूनच पोथी, महाराज."

जो शब्द जागोजागी वेगळा होतो तो राजाला लबाड वाटला, आणि लबाड शब्द बोलणारी बाईही लबाड वाटली.

"न्या तिला," तो म्हणाला.

शिपायांनी दोर ओढला. इतका वेळ काचून काचून नावाडिणीची मनगटं सोलवटली होती. ती दरवाजापर्यंत गेली आणि थांबली, कारण दरवाजात कोणीतरी उभं होतं.

मावशीचा ताप पहाटे उतरला होता. बाहेरचा गलका ऐकून ती दोन दासींच्या खांद्यांवर हात टाकून, कळकाच्या कांबींनी बांधलेला पाय फरफटत आली होती. राजा धावला. "मावशी!"

मावशीनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर त्या सोलवटलेल्या मनगटांवर होती. तिनं ती दोन्ही हातांत घेतली, अगदी हलक्या हातानं, आणि काठावरच्या भाषेत, वाकड्यातिकड्या उच्चारात विचारलं,

"लागलं का?"

इतका वेळ जी बाई रडली नव्हती, तिचे डोळे भरून आले. "नाही गं म्हातारे," ती म्हणाली. "नाही लागलं."

राजानं दुभाष्याकडे पाहिलं. "मावशी काय म्हणाली?"

दुभाष्यानं पोथीकडे पाहिलं. "महाराज... पोथीप्रमाणे... घाव बसला का?"

"मावशी," राजानं आपल्या भाषेत विचारलं, "तू आत्ता बोललीस त्या शब्दाचा अर्थ काय?"

"मला काय ठाऊक!" मावशी म्हणाली. "ही माझा पाय हलवायची तेव्हा हेच म्हणायची, आणि हिचं तोंड माझ्यापेक्षा कळवळायचं. वाडगं घेऊन यायची, तेव्हाही 'आणखी लागतं का' असं काहीसं म्हणायची. संध्याकाळी खोपीत दिवा लावायची, तेव्हा 'लागला' म्हणून हसायची. पांघरूण घालायची तेव्हा 'थंडी लागते का'. इतक्या वेळा ऐकला तो शब्द, की मला वाटलं, हिनं माझं ते नावच ठेवलंय."

मग तिनं भाच्याकडे नीट पाहिलं. "आणि तू हिला दोर बांधलास होय रे? लहानपणी तू पडलास की मी काय विचारत होते, विसरलास?"

राजानं पुढे होऊन आपल्या हातानं दोर सोडला. गाठ घट्ट होती. सोडायला वेळ लागला, पण यावेळी त्यानं घाई केली नाही.

थोरला दुभाषी आपल्या जागेवरून उतरला. त्यानं ते पान काढलं, बोरू दौतीत बुडवला आणि आपल्याच अक्षरांवर एक आडवी रेघ ओढली. मोहोरेवरूनही ओढली.

"महाराज," तो म्हणाला, "चूक पोथीची नाही, माझी आहे. मी हमालाचा शब्द घेतला, हमालाकडे पाहिलं नाही. मला बाहेर घालवा."

"बाहेर जाच," राजा म्हणाला. "रोज सकाळी धक्क्यावर जाऊन बस. लोकांचं बोलणं ऐक, बोलताना त्यांचे हात काय करतात ते बघ. मग दरबारात ये. आणि मीही आठवड्यातून एकदा तुझ्या शेजारी येऊन बसेन."

मग तो नावाडिणीकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदाच तो काठावरच्या भाषेत बोलायला निघाला होता. दोनदा अडखळला. उंटवाल्यांचा दुभाषी मागून पुटपुटत होता. शेवटी राजा म्हणाला, "बाई... तुला... काय लागतं?"

सगळा दरबार हसला, टाळ्या वाजल्या. कोळीण ओरडली, "जमलं! राजाला जमलं!"

"मला?" नावाडीण डोळे पुसत म्हणाली. "मला काही नको, महाराज. वल्हं तेवढं शिपायांकडे राहिलंय. पलीकडे माणसं सकाळपासून ताटकळत असतील. आज आठवड्याचा बाजार आहे."

वल्हं आणलं गेलं. लोकांनी तिला वाजतगाजत दरबाराच्या पायऱ्या उतरवल्या. त्या दिवसापासून त्या बंदरात न्याय द्यायला थोडा जास्त वेळ लागू लागला. पण असं सांगतात, की त्यानंतर तिथं एकाही निरपराध माणसाच्या हाताला दोर लागला नाही.

पायऱ्यांखाली दासींच्या आधारानं मावशी उभी होती. निरोपाचा एकही शब्द दोघींना एकमेकींच्या भाषेत येत नव्हता. नावाडिणीनं वाकून कांबींची सैल झालेली गाठ घट्ट केली, म्हातारीच्या गालावर हात ठेवला, वल्हं खांद्यावर घेतलं आणि घाटाकडे चालू लागली.

तात्पर्य : शब्द पोथीत सापडतो, पण बोलणाऱ्या माणसाकडे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही.