हाकेला ओ

“एकही यंत्र खोटं बोललं का? मग दोष कुणाचा, बाबा?”

डोंगरउतारावरच्या आपल्या मठात अचलनाथबाबा वाती वळत बसले होते. डोळ्यांना आता जवळजवळ दिसत नव्हतं, पण बोटं चुकत नव्हती.

विचारणारा शार्दूल टिळेकर. इंजिनिअर. हुशार, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. या उतारावर त्याने सेन्सर पुरले होते. जमीन स्थिर आहे की सरकतेय, ते सतत एका सेन्सरने दुसऱ्याला कळवायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, तेही बिनतारी. असा निरोप पायथ्याच्या वाडीतल्या शाळेपर्यंत पोचायचा. शाळेवर दिवा होता. हिरवा असला तर खुशाल झोपा, तांबडा झाला तर पळा.

गेल्या पावसाळ्यात दरड कोसळली तेव्हा दिवा हिरवाच होता. त्याच्या भरवशावर तान्हूबाई घरात थांबली आणि गाडली गेली.

यंदा शार्दूलने नवे, जास्त ताकदीचे सेन्सर बसवले. माणसं घरी परतली, पण मन धजेना. बाबांनी एकदा राहा म्हणावं, मग राहू, असं म्हणाली. तो शब्द घ्यायला शार्दूल वर आला होता.

“त्या दिवशी यंत्रं काय म्हणाली?” बाबांनी विचारलं.

“काहीच नाही. पाऊस, धुकं, ऊन नाही म्हणून उतरलेल्या बॅटऱ्या... निरोप तुटक जायला लागले. अर्धवट निरोप पाठवायचा नाही, असं मीच त्यांना शिकवलंय. दर्जा राखता येत नसेल तर गप्प बसायचं.”

“अजून तेच शिकवतोस?”

“अर्थात.”

“आणि दिवा?”

“शेवटचा नीट निरोप हिरव्याचा होता. दिवा तसाच राहिला.”

बाबांनी हातातली वात खाली ठेवली.

“वरच्या टाक्यापर्यंत जा. काय दिसतं ते बघ. मी इथून हाक मारीन.”

शार्दूलला हसू आलं. पण शब्द हवा होता, म्हणून गेला.

टाकं कातळात खोदलेलं, पाण्याने काठोकाठ भरलेलं. तो पोचतो न पोचतो तोच दरीतून धुकं चढलं आणि मठ दिसेनासा झाला.

“शार्दूल...”

त्याने सगळं ओरडून सांगितलं. पाणी किती, गढूळ की स्वच्छ, डावीकडची भेग केवढी. वाऱ्याने अर्धं पळवलं.

“शार्दूल...”

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. घसा बसला, दम लागला. असलं अर्धंमुर्धं सांगण्यात काय अर्थ, असं म्हणून तो दगडावर टेकला. धुकं निवळलं की खाली जाऊन नीट सांगू.

हाक पुन्हा आली. ती त्याने ऐकली. मग आणखी एक आली, थोडी चिरकलेली. मग बंद झाली.

बऱ्याच वेळाने काठी वाजली.

धुक्यातून बाबा आले. अनवाणी, गुडघा फुटलेला, धोतराला चिखल. ऐंशीच्या घरातला माणूस, आणि तो उतार. त्यांनी चाचपडत शार्दूलचं डोकं धरलं, खांदे धरले, तोंडावरून हात फिरवला.

“आहेस ना रे?”

“बाबा! तुम्ही कशाला आलात? मी इथेच तर होतो. अगदी निवांत.”

“मला कसं कळायचं?”

“माझं बोलणं पोचेना, म्हणून...”

“मी काय विचारलं होतं?”

शार्दूलने आठवून पाहिलं.

“...काहीच नाही. नुसतं नाव घेतलंत.”

बाबांनी मान हलवली. शार्दूलला त्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघवेना. लाज वाटली त्याला, आणि तशी ती त्याला सहसा वाटत नसे.

हात धरून दोघे मठात उतरले. दिवेलागण झाली होती. वाडीतली माणसं परतल्यापासून बाबांचा एक नेम होता. ते पारावर उभे राहून खालच्या घरांना एकेक करून हाका मारायचे.

“गेनू...”

“ओ...” धुक्यातून आली.

“सखू...”

“ओ...” मग खोकला. पण ओ आली.

घर घर घेत ते शेवटाला आले.

“तान्हूबाई...”

आणि थांबले. कान देऊन, खरोखर वाट बघत.

शार्दूलला कुठे बघावं कळेना, म्हणून त्याने मोबाइल काढला. उतारावरच्या एकाही नव्या सेन्सरचा निरोप दुपारपासून आलेला नव्हता.

एकाचाही नाही.

त्याने खाली पाहिलं. धुकं जरा फाटलं होतं. शाळेवर दिवा जळत होता. हिरवा.

“बाबा, तो दिवा...”

“मला दिसत नाही. काय म्हणतोय?”

“हिरवा आहे. सगळं ठीक म्हणतोय.”

खालच्या घरांत चुली पेटल्या होत्या. शार्दूल वाडीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांकडे धावला.

मागून बाबांनी विचारलं, “शार्दूल, कुणाच्या नावाने ओ देतोय रे तो?”