ब्रेकचा शनिवार

घाट उतरण्याआधी सभापती धैर्यशीलराव सुनेसह सावळाराम मेस्त्रीच्या गॅरेजात थांबले. मेस्त्रीने बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइल पार काळपट झालं होतं.

"साहेब, तीन वर्षं हेच ऑइल आहे. यात हवेतलं पाणी मुरलंय. घाटात तापून उकळलं, तर पाय दाबूनही ब्रेक लागायचा नाही. दोन वर्षांनी बदलावंच लागतं."

"ब्रेक झकास लागतोय! चांगली वस्तू बदलायला मी खुळा आहे काय?"

मेस्त्रीने बंपरला लटकलेल्या टवटवीत लिंबू-मिरचीकडे पाहिलं. "ही कधीची?"

"दर शनिवारी ताजी बांधतो. शिळ्या लिंबाने नजर टळते होय?"

"मग साहेब, दोन वर्षांतून एक शनिवार ब्रेकलाही द्या की!"

सून खुदकन हसली. सभापतींनी किल्ली पुढे केली. "घ्या. आज शनिवारच आहे."