‘थ्रा’ म्हणणारा कुठे उभा होता

दोष त्या वृद्ध आचार्यांचा होता. सरदाराचा नव्हे. सरदार क्रूरच होता, आणि क्रूर माणसाने क्रौर्य केले तर त्यात नवल कसले? आचार्य मात्र जाणते होते, म्हणून दोष त्यांचा.

फार पूर्वी स्कॉटलंडच्या सीमेवर, एका दगडी गढीत, हे आचार्य राहत. जुन्या स्कॉट बोलीचा एवढा जाणकार त्या मुलखात दुसरा नव्हता. त्या बोलीत धैर्याला एक का शब्द होता! अंगच्या बळाने लढतो तो ‘विख्त’. ज्याची छाती दगडाची तो ‘डर्फ’. पण काळीज दगडाचे असले तरी डर्फच. आणि कोणी कितीही ओढले तरी जागचा वळत नाही, तो ‘थ्रा’. आता न वळणारा माणूस शूर असतो, तसा हेकटही असतो. थ्रा दोघांनाही म्हणत. आपल्याकडे ‘धीट’चे तेच नाही का? मुलाला म्हटले तर शाबासकी, नव्या सुनेला म्हटले तर शिवी.

गढीचा एक दंडक होता. धरून आणलेल्याला शिक्षा देण्याआधी आचार्यांना विचारायचे, याच्या कृत्याला शब्द कोणता? आचार्यांनी धैर्याचा शब्द दिला, तर शत्रूलाही सन्मानाने सोडायचे. नाही दिला, तर फाटकाबाहेर फाशीचे झाड होतेच.

एके दुपारी सरदाराच्या माणसांनी एका विधवेला बांधून आणले. तिच्या वस्तीने सरदाराच्या वैऱ्याला आसरा दिला होता, म्हणून सरदार घरे जाळत निघाला होता. वस्ती रानात पळाली. ही पळाली नाही, कारण घरात अंथरुणाला खिळलेली सासू होती. हिने सरळ सरदाराच्या घोड्याचा लगाम धरला. चाबूक बसले, घोड्याने चिखलातून फरफटत नेले, तरी मूठ सुटली नाही. शेवटी सरदारालाच खाली उतरावे लागले, तेही आपल्या शिपायांसमोर. राग होता तो याचा.

भरल्या दालनात सरदाराने हाक दिली, “काय पंडित, बोला! हिला काय म्हणायचं?”

आचार्य उठले. त्यांनी त्या बाईकडे पाहिले. सोललेले तळवे, फुटलेला ओठ, आणि मान मात्र ताठ. हे धैर्य आहे, हे त्यांना क्षणात कळले. मग त्यांनी सरदाराकडे पाहिले. पन्नास वर्षे ज्याच्या घराण्याचे मीठ खाल्ले, तो सुरीने मांस कापत त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

“थ्रा,” आचार्य म्हणाले, आणि बसले.

शेजारी त्यांचा तरुण शिष्य होता. तोंडाचा फटकळ, पण शब्दांवर जीव टाकणारा. तो कुजबुजला, “गुरुजी, कोणता थ्रा? शूर की हेकट?”

“शब्द असा टाकावा, बाळ, की ज्याला जो अर्थ हवा तो त्याने उचलावा. शूर म्हणायचं ते मी म्हटलं. सत्य सुटलं नाही, आणि सरदारही दुखावला नाही.”

“मग बोललात तरी कशाला? नुसते खोकला असतात तरी चाललं असतं.”

तेवढ्यात सरदार खदखदून हसला. “हेकट! ऐकलंत ना रे? पंडितच म्हणतायत. हेकट खोड वाकत नसतं, तोडावं लागतं. दोर आणा!”

आचार्यांनी तोंड उघडले. पण सरदाराने त्यांच्याकडे पाहिले, आणि ते तसेच मिटले.

शिष्य उठला. जेवणाची लांब फळी ओलांडून तो दालनाच्या त्या टोकाला गेला, जिथे ती बाई उभी होती. तिच्या खांद्याला खांदा लावून तो उभा राहिला. आपले दोन्ही हात त्याने तिच्या बांधलेल्या हातांशेजारी पुढे धरले, जणू दोर त्यांनाही हवा होता.

“थ्रा,” तो म्हणाला.

“अरे शहाण्या, तेच तर तुझा गुरू म्हणाला!” सरदार ओरडला.

“ते तिकडून म्हणाले. मी इथून म्हणतोय.”

हा शब्द आचार्यांनी अर्ध्या आयुष्यात शेकडो जणांना शिकवला होता. त्याचा उच्चार, त्याचे कूळ, त्याच्या छटा त्यांना पाठ होत्या. आज तो त्यांनी पहिल्यांदा ऐकला. अक्षरे तीच होती, पण हेकट हा अर्थ त्यातून गळून पडला होता आणि मागे जे उरले होते, ते एवढे मोठे होते की त्यापुढे मान आपोआप खाली जावी.

मग ज्या शिपायाने तिला चाबूक मारले होते, त्यानेच पेला खाली ठेवला. “थ्रा,” तो हळूच म्हणाला. त्याच्या पलीकडचाही म्हणाला. नंतर आणखी कोणी. गलका झाला नाही. देवळात म्हणावे तसे ते म्हणत होते.

सरदाराला आपली माणसे कळत होती. “सोडा तिला,” तो म्हणाला, “आणि तू रे, तूही चालता हो. तोंड दाखवू नकोस पुन्हा.”

जाता जाता त्या बाईने आचार्यांकडे पाहून शिष्याला विचारले, “हा म्हातारा तुझा ना? यायचंय का त्याला?”

शिष्य थांबला. आचार्यांनी उठावे, एवढा वेळ थांबला. मग म्हणाला, “नको बाई. त्यांचे पाय दुखतात.”

ती दोघे गेल्यावर सरदाराने चिडून विचारले, “खरं सांगा पंडित, तुमच्या मनात कोणता अर्थ होता?”

“सरदार,” आचार्य म्हणाले, “शब्दाला दोन अर्थ असतील, पण माणसाला दोन ठिकाणी उभं राहता येत नाही. शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या पायाशी असतो. हे मला माहीत होतं, आणि तरी मी बसून राहिलो.”

बोलणे सुंदर होते. वेळ टळून गेल्यावर आपल्या वडीलधाऱ्यांना असे सुंदर फार सुचते.

शिष्य परत आला नाही. त्या गढीत आचार्यांना पुन्हा कोणी शब्द विचारला नाही.