म्हशीच्या डावीकडचा दगड

"पाय का न्हाई टेकवलास?"

मी नाल्यात आडवा पडलो होतो. मांडीवर मोटरसायकल होती, तिचं मागचं चाक अजून फिरत होतं, आणि या माणसाला प्रश्न सुचत होते.

"आधी गाडी उचला की, वस्ताद."

"उचलतो. पाय का न्हाई टेकवलास?"

"टेकवायचा नसतो म्हणून!"

वस्तादांनी वर बघितलं. वर कातळावर वैजू उभी होती. तिच्या गळ्यात शिट्टी होती आणि हातात गुणांचं कार्ड. तिने पंजा उघडून हवेत धरला. पाच बोटं.

म्हणजे पाच गुण. माझ्या नावावर, माझ्या विरोधात. सकाळपासून दुसऱ्यांदा.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांना सांगतो. याला ट्रायल्स म्हणतात. यात वेग नाही. दोन दोऱ्यांच्या मधून, दगडधोंड्यांवरून, गोगलगाईच्या चालीने मोटरसायकल चढवायची. बाजूला पंच उभा असतो, तो फक्त तुमच्या पायांकडे बघतो. पाय जमिनीला लागला की एक गुण. पडलात की पाच. काहीच लागलं नाही तर पंच मूठ वर धरतो. शून्य. ज्याचे गुण कमी तो जिंकला.

मला मूठ हवी होती. बाकी काही नको होतं.

जागा म्हणजे पन्हाळ्याच्या रस्त्याला आत गेलेली एक बंद दगडखाण. खाणीच्या मधून नाला जातो. नाल्याच्या शेवटी एक काळा खडक आहे, मांडीइतका उंच, पाठ गुळगुळीत. त्याला आम्ही म्हैस म्हणतो. बसलेली म्हैस, आणि ती कुणासाठी उठत नाही. दोन्ही वेळा मी तिच्याच पाठीवरून खाली आलो होतो.

रविवारी कराडजवळ स्पर्धा होती. गाडी एकच, वस्तादांची. उमेदवार दोन, मी आणि वैजू. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वस्ताद ठरवणार होते, कोण जाणार.

वस्ताद म्हणजे बाबालाल मुजावर. वय एकाहत्तर. मला म्हाताऱ्या माणसांचं कौतुक नाही, आधीच सांगतो. ज्यांना आयुष्यात काही जमलं नाही ते सगळे मला अनुभव सांगायला येतात. वस्तादही काही देवमाणूस नाहीत. एका कानाने ऐकू येत नाही आणि गैरसोयीचा प्रश्न नेमका त्याच कानावर पडतो. शाबासकी द्यायची झाली तर बिडी पेटवतात. ती पेटवलेली मी आठ महिन्यांत एकदाच पाहिली, तीही वैजूसाठी.

पण गाडी...

जुनी शंभर सीसीची गाडी, भंगारात निघालेली. तिची सीट त्यांनी काढून टाकली, कारण यात बसायचं नसतंच. मागचं साखळीचं दातेरी चक्र ताटाएवढं मोठं बसवलं, म्हणून ती पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीपेक्षा हळू चालते. मागच्या टायरमध्ये हवा इतकी कमी की अंगठा रुततो. टायर दगडाला चिकटत नाही, दगड पोटाशी धरतो. क्लच एका बोटाचा. नुसती उभी असताना इंजिनाचा एकेक ठोका मोजता येतो. टक... टक... टक... बंद पडेल असं वाटतं, पडत नाही. मी तीन वर्षं इंजिनियरिंग शिकलो. एकाही सरांना असं इंजिन लावता आलं नसतं. त्यांना हजेरी लावता यायची.

"इंजिनेर," वस्ताद म्हणाले. मी कॉलेज सोडल्यापासून ते मला याच नावाने हाक मारतात. "म्हशीवर गाडी डावीकडं कलली. कळलं हुतं?"

"कळलं होतं."

"मग?"

"सावरणार होतो."

"सावरलास?"

माझ्या ढोपरातून रक्त येत होतं.

"मला पाच चालतात," मी म्हणालो. "एक नाही चालत."

वस्तादांनी चांगला कान पुढे केला. "परत सांग."

"पडलो तर लढून पडलो. पाय टेकवला म्हणजे घाबरलो."

"वैजू, तू काल पाय टेकवलास न्हवं? घाबरलीस?"

"घाबरले की," वैजू कातळावरून म्हणाली. "म्हैस आहे ती, वासरू नाही."

तिला काल एक गुण. परवा एक. त्याच्या आदल्या दिवशीही एकच. मी तिला मनातल्या मनात पांगुळगाडा म्हणायचो. एकदा तोंडावरही म्हणालो होतो. तेव्हा ती म्हणाली होती, "पांगुळगाडा पोचतो तरी."

वस्ताद उठले. गेरूचा डबा आणला.

हा त्यांच्या आखाड्यातला रिवाज. नाल्यात उतरायच्या आधी बुटांचे तळवे ओल्या गेरूत बुडवायचे. पाय टेकला की दगडावर लाल ठसा उमटतो. मग पंचाशी वाद नाही, "लागला नव्हता हो" नाही. संध्याकाळी ज्याने त्याने आपापले ठसे नाल्याच्या पाण्याने धुवायचे. मला आजवर एकही धुवावा लागला नव्हता. हे मी लोकांना सांगत फिरायचो.

ते डबा खाली ठेवत होते तेव्हा माझं लक्ष पहिल्यांदाच म्हशीच्या डावीकडच्या दगडावर गेलं. चपटा दगड, परातीएवढा. त्यावर एक ठसा होता. ताजा नव्हता. लालाच्या खाली लाल, त्याखाली तपकिरी, त्याखाली जवळजवळ काळा. वर्षानुवर्षं एकाच जागी उमटलेला एकच आखूड, रुंद पाय.

"हा कोण गाढव, रोज इथेच टेकवणारा? आणि धूत पण नाही?"

वैजूला खोकला आला. खोटा.

"मी," वस्ताद म्हणाले.

...

"तुम्ही?"

"तीस वर्सं झाली. तुमी यायच्या आदी, फाटंला."

"तीस वर्षांत तुम्हाला ही म्हैस पाय न टेकवता जमली नाही?"

कुणाही म्हाताऱ्याला झोंबेल असाच मी तो प्रश्न विचारला होता. वस्तादांनी कॅनव्हासच्या बुटांचे तळवे गेरूत बुडवले. पॅन्ट दुमडली. किक मारली.

मी खूप रायडर पाहिलेत. मोबाइलवर परदेशातलेही पाहिलेत. पण एकाहत्तर वर्षांचा तो माणूस नाल्यात उतरला तेव्हा माझ्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

तो गाडी चालवत नव्हता. गाडी खालून जात होती आणि तो वर नुसता उभा होता, भरल्या घागरीखाली बाई चालते तसा मान स्थिर ठेवून. पहिला धोंडा. दुसरा. पाण्यातली निसरडी फरशी. गुडघे वाकत होते, सरळ होत होते, इंजिनाचा आवाज एकदाही वर गेला नाही. टक... टक... टक...

म्हैस आली. पुढचं चाक तिच्या पाठीवर चढलं. मागचं चढलं. आणि गाडी डावीकडे कलली, माझी कलली होती तश्शी.

वस्तादांनी डावा पाय खाली सोडला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते तेवढंच वजन. ठेवला, उचलला. गाडी पार.

वैजूने एक बोट वर केलं.

"दिसलं?" वस्ताद म्हणाले. दम लागला होता, पण लपवत होते.

"दिसलं. एक गुण."

"व्हय, एक."

"पण का? तुम्हाला तर..."

"मला पलीकडं जायाचं हुतं."

इथे माझं डोकं फिरलं. हे सूर मी ओळखतो. कॉलेजात लेथ मशीन मोडलं ते माझ्या हातून नव्हे, पण सर म्हणाले, दोन ओळींचा माफीनामा लिहून दे, विषय संपेल. मी कागद फाडला आणि फाटकाबाहेर आलो. घरी वडील म्हणाले, दोन ओळी लिहायला हात झिजतो का तुझा? मी घराबाहेरही आलो. सगळ्या थोर माणसांचा रस्ता फिरून फिरून तिथेच येतो.

"म्हणजे आता तुम्ही सांगणार, जा, सरांचे पाय धर."

वस्तादांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"कुठले सर?"

"कॉलेजचे."

"ते हितं हायत?" त्यांनी नाल्यात बघितलं, खरंच शोधल्यासारखं. "मला तर दगुडच दिसतोय."

वैजू हसली. मीही हसलो असतो, पण राग संपला नव्हता.

"ठीक आहे," मी म्हणालो. "टेकवतो. बघा."

तिसरी फेरी. म्हशीपर्यंत स्वच्छ गेलो. गाडी कलली. मी डावा पाय सोडला, नेम धरून, बरोबर वस्तादांच्या ठशावर.

माझा पाय त्यांच्यापेक्षा वीतभर लांब आहे. गुडघा वर आला, हँडलला अडकला, हँडल फिरलं... आणि मी उजवीकडे. या वेळी पाण्यात.

पाच बोटं.

"टेकवला होता!" मी ओरडलो. नाकात पाणी गेलं होतं. "तुमच्याच जागेवर टेकवला!"

"त्यो माझा पाय हाय," वस्ताद म्हणाले. "तुझा कुटं हाय?"

चौथ्या फेरीला मी काही ठरवलं नाही. ठरवायला अंगात काही उरलंच नव्हतं. ढोपर ठणकत होतं, बुटात पाणी होतं. फक्त आवाज ऐकत गेलो. टक... टक... म्हैस आली, चाक चढलं, कलली, आणि पाय आपोआप गेला. कुठे गेला ते मी बघितलं नाही. दगड लागला, दगडाने मला परत वर दिलं, आणि मी पलीकडे होतो.

पलीकडे. मी म्हशीच्या पलीकडची बाजू गाडीवरून पहिल्यांदाच बघत होतो. तिथे थोडं गवत आहे, बाकी काही नाही.

मागे बघितलं. वैजूचं एक बोट वर होतं.

मी गाडी लावून मागे चालत गेलो. वस्तादांच्या ठशापासून वीतभर अलीकडे नवा ठसा होता. लांबडा, वाकडा, टाचेकडे पुसट. बराच वेळ तो बघत बसलो. मग ओंजळीत पाणी घेतलं, रिवाजाप्रमाणे.

"राहू दे की," वैजू म्हणाली. "पहिलाच आहे. लोक दगडातल्या पादुकांना फुलं वाहतात. आपण निदान दोन दिवस धुवायचा नाही."

पाणी बोटांतून गळून गेलं.

वस्ताद गाडीपाशी बसले होते. अंगठ्याने मागचा टायर दाबून हवा बघत होते. बिडी पेटलेली नव्हती.

"रविवारी वैजू जाईल," ते टायरकडे बघतच म्हणाले.

...

माझ्या हातात हेल्मेट होतं. हेल्मेट फेकून फाटकाबाहेर कसं पडायचं, मला चांगलं येतं. दोनदा केलंय. पायवाट समोरच होती. वर रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला, तीही वेळेवर आली होती नेमकी.

आठ महिने मी या दगडांत पडत होतो. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. कॉलेज नाही, घर नाही, होता तो एक रविवार.

वैजू काही बोलली नाही. ती काही बोलली असती तर मी गेलोच असतो.

वस्तादांनीही वर बघितलं नाही. थांब म्हणाले नाहीत, समजावलं नाही. टायरमधली थोडी हवा सोडली. फुस्स... पुन्हा अंगठा लावला.

एसटी गेली.

मी हेल्मेट खाली ठेवलं. त्या चपट्या दगडावर, दोन्ही ठशांच्या शेजारी.

"आणि मी?"

"तू तिच्यासंगं चालत जायाचं. दोरीच्या कडंनं. गाडी उलटली तर धरायाची, ती पडली तर झेलायाची. असा एक माणूस लागतोय. नियमात बसतंय."

"म्हणजे मी धरणारा."

"व्हय."

"तिथले दगड मला माहीत नाहीत. नाला वेगळा. म्हैस वेगळी." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "उभा कुठे राहू?"

वस्तादांनी खिशातून काडेपेटी काढली. ओली झाली होती. तिसऱ्या काडीला बिडी पेटली.

"जितं तू पडला असतास," ते म्हणाले, "तितं."