बाभळीपाशी ब्रेक

शर्यतीच्या मोटारी चालवायला शिकवणारा एक वृद्ध वस्ताद एकदा, शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी, आपल्याच शिष्याच्या वैऱ्याला सोबत घेऊन माळावर फेरी मारायला निघाला. नेमके ते शिष्याने पाहिले, आणि तिथून ही गोष्ट सुरू होते.

शिष्याचे नाव धैर्यशील. हात तयार, नजर तीक्ष्ण. फक्त मन जरा उतावळे. वैऱ्याचे नाव पार्श्व. खरे पाहता वैरी म्हणावे असे त्या बिचाऱ्याने काहीच केले नव्हते. तो वेगाने गाडी चालवत असे, आणि एखाद्या वेळी धैर्यशीलपेक्षा अधिक वेगाने, एवढाच त्याचा अपराध. पण आपल्याकडे दोन माणसे एकाच विद्येत तरबेज निघाली, की त्यांनी एकमेकांना पाण्यात पाहिलेच पाहिजे, असा लोकांचा हट्ट असतो. शहरात दोघांचे फलक लागले. एकावर 'वाघ एकच असतो' असे झळकले, की दुसऱ्या दिवशी समोरच्या चौकात 'शिकारी आलाय' म्हणून दुसरा उभा. वर्तमानपत्रवाले याला विचारत, "ते तुमच्याबद्दल असं म्हणाले, तुमचं काय मत?" आणि त्याच्याकडे जाऊन हेच विचारत. मुळात पहिल्यांदा कोण काय बोलले, हे शेवटपर्यंत कुणाला कळले नाही. तिकिटे मात्र भराभर खपली.

दोघे चालक एकमेकांशी वर्षभरात दहा वाक्येही बोलले नव्हते. वैर वाढायला बोलणे लागत नाही. न बोलण्यावर ते उत्तम पोसते.

शर्यत होई ती गावाबाहेरच्या माळावर, वळणावळणाच्या डांबरी वाटेने. त्या वाटेवर सर्वांत अवघड जागा म्हणजे विहिरीचे वळण. विहीर केव्हाच बुजली होती, नाव तेवढे उरले होते. सरळ रस्त्याने गाड्या भरधाव येत आणि वळणाच्या बऱ्याच अलीकडे, चुना फासलेल्या एका दगडापाशी, सगळे चालक ब्रेक दाबत. त्याच्यापुढे दाबला तर गाडी वळणार नाही, असा सर्वांचा समज होता. वस्तादांनी मात्र धैर्यशीलला गेले काही महिने, इतर कुणी माळावर नसताना, एक नवा डाव शिकवला होता. दगड ओलांडायचा, पुढच्या बाभळीपर्यंत वेग तसाच ठेवायचा आणि बाभळीपाशी ब्रेक दाबून आतल्या बाजूने वळणात शिरायचे. तोवर पुढच्या गाडीचा वेग मंदावलेला असणार, आणि हा तिच्या बगलेतून पुढे. हा डाव शेवटच्या फेरीसाठी राखून ठेवला होता. तीन जणांखेरीज तो कुणाला ठाऊक नव्हता: वस्ताद, धैर्यशील आणि गाडीची देखभाल करणारा गणपा मेस्त्री.

आणि आता शर्यतीच्या आदल्या सकाळी धैर्यशीलने आपल्या गाडीच्या शेडच्या दारातून पाहिले, तर वस्ताद पार्श्वबरोबर विहिरीच्या वळणाकडे चालले होते. दगडापाशी ते थांबले नाहीत. बाभळीपाशी थांबले. वस्तादांनी काठी उचलून आधी बाभळ दाखवली, मग वळणाची आतली कड दाखवली. पार्श्वने मान हलवली. मग त्याने वाकून वस्तादांच्या पायांना हात लावला.

धैर्यशील दारातून मागे सरला. पाठीमागे गणपा मेस्त्री पाना पुसत उभा होता. त्यानेही पाहिले होते.

"मेस्त्री, हे काय चाललंय?"

"मी काय सांगू?" गणपा म्हणाला. "पर कुठंतरी पानी मुरतंय, एवढं खरं. परवा बी वस्ताद त्या पार्श्वच्या शेडमधी चहा पीत बसलेलं. मी म्हटलं, जुनी वळख असंल. वस्ताद एक डाव राखूनच ठेवतो म्हनत्यात. तो कुनासाठी राखला हुता, ते आज कळलं."

संशयाचे एक बरे असते. त्याला पुरावा शोधत हिंडावे लागत नाही. पुरावेच त्याला शोधत येतात. महिन्यापूर्वी वस्ताद पार्श्वच्या चालवण्याला 'देखणं' म्हणाले होते, ते धैर्यशीलला आठवले. मागच्या शर्यतीत पार्श्व पहिला आला तेव्हा वस्तादांनी टाळ्या वाजवल्या होत्या, तेही आठवले. त्या वेळी या गोष्टींचे त्याला काही वाटले नव्हते. आता त्या एकेक करून पुढे येऊन साक्ष देऊ लागल्या.

वस्ताद परत आले ते जणू काही झालेच नाही अशा थाटात. त्यांनी गाडीच्या चाकांवरून हात फिरवला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "उद्या शेवटच्या फेरीला डाव टाक. पण ध्यानात ठेव, ब्रेक बाभळीपाशीच. एक हातभरसुद्धा पुढं नको."

"का?" धैर्यशीलने विचारले.

"मी सांगतोय म्हणून."

एरवी हे उत्तर त्याला पुरले असते. ज्या माणसाने बोट धरून आपल्याला गाडीत बसवले, त्याला कारण विचारायची त्याची रीत नव्हती. आज मात्र त्याच्या मनात चक्र फिरू लागले. बाभळीपाशीच का? कारण बाभळ पार्श्वला दाखवून झाली आहे. मी तिथे ब्रेक दाबणार, हे कळल्यावर तो आतली कड आधीच अडवून धरणार. म्हणजे मला सापळ्यात नेऊन उभे करायचे, आणि मी जागचा हलू नये म्हणून वर ताकीदही द्यायची. कुंपणानेच शेत खायला घेतले होते. सरळ विचारून टाकावे, असे एकदा त्याच्या ओठांवर आले. पण विचारले तर वस्ताद सावध होतील, असे म्हणून त्याने शब्द गिळला. विचारले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि मला सांगायला काही उरले नसते.

त्याने मनाशी ठरवले: बाभळ ओलांडायची. बाभळीच्याही पुढे ब्रेक दाबायचा. दोघांनाही कळू दे, धैर्यशील कुणाच्या हातचे बाहुले नाही.

दुसऱ्या दिवशी माळावर माणूस मावत नव्हता. शेवटच्या फेरीत पार्श्व पुढे, त्याच्या पाठीला लागून धैर्यशील आणि बऱ्याच मागे तिसरी एक गाडी, जिच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते. चुन्याचा दगड आला. पार्श्वची गाडी मंदावली. धैर्यशील तसाच आत घुसला आणि आश्चर्याने पाहत राहिला, कारण आतली कड मोकळी होती. पार्श्व बाजूला सरकून चालला होता. एक गाडी नीट जाईल एवढी वाट त्याने राखली होती. बाभळ आली. पाय ब्रेकवर जायला हवा होता, पण संशयाने तो धरून ठेवला. बाभळ मागे गेली. मग त्याने ब्रेक दाबला. चाके जागीच अडकली आणि गाडी वळण सोडून सरळ घसरत पार्श्वच्या गाडीवर चालली.

पार्श्वने आरशात पाहिले. ज्या बाभळीपाशी ब्रेक दाबला जाईल असे त्याला सांगितले होते, तिथे तो दाबला गेला नव्हता. विचार करायला वेळ नव्हता. त्याने हातातले स्टीअरिंगचे चक्र बाहेरच्या बाजूला फिरवले आणि गाडी सरळ शेजारच्या नांगरटीत घातली. धैर्यशीलची गाडी तिच्या दाराला घासून, गोल फिरून, रस्त्यात आडवी थांबली. धुळीचा लोट उठला. त्या लोटातून तिसरी गाडी संथपणे वाट काढत आली आणि शर्यत जिंकून गेली.

कुणाला खरचटलेही नाही. पण निम्मा माळ म्हणू लागला की पार्श्वने मुद्दाम वाट अडवली, आणि निम्मा म्हणू लागला की धैर्यशीलने मुद्दाम ठोकले. पाहिले दोन्ही निम्म्यांनी धुळीखेरीज काही नव्हते.

शेडमध्ये धैर्यशीलने शिरस्त्राण आपटले आणि इतका वेळ गिळलेला प्रश्न बाहेर काढला. "तुम्ही त्याला बाभळ दाखवलीत. मी डोळ्यांनी बघितलं."

"दाखवली," वस्ताद म्हणाले.

धैर्यशीलला वाटले होते, ते नाकारतील. नाकारले असते तर पुढचे सगळे बोलायला त्याला सोपे गेले असते.

"बस," वस्ताद म्हणाले. "तालमीत डाव लपवला, तर समोरचा चितपट होतो आणि माती झटकून उठतो. इथं डाव लपवला, तर समोरचा उठत नाही. आजवर त्या वळणात आतून कुणी शिरलेलं नाही. तिथं कुणी असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसतं. तो रोजच्यासारखा वळला असता, आणि तू असतास त्याच्या चाकाखाली, नाहीतर तो तुझ्या. म्हणून आमच्या वेळेला रीत होती. नवा डाव ज्याच्यावर टाकायचा, त्याला ठिकाण आधी दाखवायचं. कसब नाही दाखवायचं. ते ज्याचं त्यानं कमवायचं. बाभळ माहीत झाली म्हणून काय त्याला तिथं ब्रेक दाबता येणार होता? जिंकायला उपयोगी पडेल असं मी त्याला काही दिलं नाही. तुझा जीव राखायला लागेल, तेवढंच दिलं. आणि त्यानं राखला."

धैर्यशील खाली पाहत राहिला. "मला का नाही सांगितलंत?"

"वर्षभर तुझ्या तोंडात त्या पोराचं नाव शिवीशिवाय आलं नाही. सांगितलं असतं, तर तू तेव्हाच काहीतरी उफराटं केलं असतंस. न सांगता केलंस. म्हणजे माझंही चुकलंच." वस्तादांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "शर्यत गेली त्याचं मला काही नाही. उद्या दुसरी येईल. पण मी आयुष्यभर लोकांना ठिकाणं दाखवली, आणि दाखवलेलं ठिकाण आज पहिल्यांदा खोटं पडलं. माझ्या शब्दावर विसंबून एक पोरगा आज मरता मरता राहिला."

त्यांचा आवाज चढला नव्हता. धैर्यशीलला वाटले, त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरे झाले असते. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. माणूस हरला तर पुन्हा जिंकू शकतो. पण दुसऱ्याचा शब्द आपण खोटा पाडला, तर तो खरा कसा करायचा, हे त्याला कुणी शिकवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो पार्श्वच्या शेडमध्ये गेला. पार्श्व गाडीच्या चेपलेल्या दाराशी बसला होता. त्याने खुर्ची पुढे केली, पण चेहरा बंद ठेवला.

"माझं चुकलं," धैर्यशील म्हणाला. "वस्तादांनी सांगितलं ते खरं होतं. मी ऐन वेळी बदललं. पुढच्या शर्यतीत बाभळीपाशीच दाबेन, शब्द देतो."

"तुझ्या वस्तादांनीही शब्दच दिला होता," पार्श्व म्हणाला. "घरी आई विचारते, अजून त्या माणसाशेजारी गाडी चालवणार का तू? तिला मी काय सांगू?"

 काल जो संशय धैर्यशीलच्या मनात होता, तो आज समोरच्याच्या डोळ्यांत बसला होता, आणि या संशयाला कारण खरे होते.

पुढच्या शर्यतीत धैर्यशीलने प्रत्येक फेरीला बाभळीपाशी ब्रेक दाबला. हातभर अलीकडे नाही, हातभर पलीकडे नाही. पार्श्व प्रत्येक वेळी एकीऐवजी दोन गाड्यांची वाट सोडून दुरून वळत होता. जळालेले बोट माणूस असेच जपतो. बाभळीपाशी दाबून धैर्यशील त्याच्या बरोबरीला येई, पण पुढे जात नसे. शेवटच्या फेरीत धैर्यशीलची गाडी जोमात होती. ब्रेकवर पाय किंचित उशिरा टाकला असता, तर त्या दुप्पट वाटेतून तो पुढे निघून गेला असता. लोक उभे राहून ओरडत होते. बाभळ आली, आणि त्याने ब्रेक दाबला. पार्श्व बोनेटभर अंतराने जिंकला.

"दाबायचं काय नडलं हुतं?" गणपा मेस्त्री कळवळून म्हणाला. समर्थकांनी फलक उतरवले. कुणीतरी चौकात म्हणाले, की धैर्यशीलने शर्यत विकली.  वस्तादांनी त्या दिवशी त्याच्या गाडीची काच स्वतः पुसली.

त्यापुढच्या शर्यतीच्या आदल्या सकाळी पार्श्व शेडच्या दाराशी येऊन उभा राहिला. आत यावे की नाही, हे त्याचे ठरत नसावे.

"माळाच्या टोकाच्या उतारावर मी एक नवीन काहीतरी करून बघणार आहे," तो धैर्यशीलला म्हणाला. "तू माझ्या शेजारी असलास, तर तुला माहीत असावं. येतोस? चालत जाऊ, म्हणजे नीट दाखवता येईल."

एवढे बोलून तो बाहेर थांबला. गणपाने लगबगीने धैर्यशीलच्या कानाशी तोंड नेले.

"जपून हां. मागचं उट्टं काढायला आला असंल. खरं ठिकान दाखवंल कशावरनं?"

"कशावरूनच नाही," धैर्यशील म्हणाला, आणि बुटांच्या नाड्या बांधायला खाली बसला.